गृहकर्जासोबत घेतलेला विमा नेमका कधी संपतो?

आकडेमोड

गृहकर्जाच्या सह्या करताना त्या गठ्ठ्यात एक विम्याचा फॉर्म असतो. बहुतेकांचा हिशेब असा असतो की कर्ज २० वर्षांचं, विमा २० वर्षांचा, म्हणजे कर्ज फिटेपर्यंत घरच्यांना घोर नाही. हा हिशेब पुष्कळदा चुकतो आणि चुकलाय हे क्लेमच्या वेळीच कळतं. म्हणून हा धागा काढतोय.

आधी कोणत्या विम्याबद्दल बोलतोय ते सांगतो. बँक किंवा हाउसिंग फायनान्स कंपनी मास्टर पॉलिसीधारक असते, कर्जदार त्या ग्रुपचा सदस्य असतो आणि त्याच्या हातात पॉलिसीऐवजी सर्टिफिकेट ऑफ इन्शुरन्स, म्हणजे सीओआय येतं. प्रीमियम बहुधा एकरकमी असतो आणि कर्जातच मिळवलेला असतो. कव्हर कर्जासोबत घटत जातं. घटतं म्हणजे तुमच्या खऱ्या शिल्लक कर्जाप्रमाणे घटतं असं नाही. सीओआयच्या मागच्या पानांवर एक तक्ता छापलेला असतो, त्याप्रमाणे घटतं. हा तक्ता पहिल्याच दिवशी एक रक्कम, एक व्याजदर आणि एक मुदत धरून बनतो. पुढे कर्जाचं काहीही झालं तरी तक्ता तोच राहतो.

आता कर्जाचं काय होतं ते बघा. ३० लाख, २० वर्षं, ७ टक्के. हप्ता येतो २३,२५९ रुपये. फ्लोटिंग, म्हणजे बदलता दर सुरुवातीलाच ८.५ टक्क्यांवर गेला आणि बँकेने हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली असं धरा. २४० हप्त्यांचं कर्ज जवळपास ३४७ हप्त्यांचं होतं, म्हणजे २९ वर्षांना एक महिना कमी. दहाव्या वर्षाअखेर तक्त्यातलं कव्हर सुमारे २० लाख ३ हजार आणि खरी बाकी सुमारे २६ लाख २२ हजार. सहा लाखांवर उघडे. विसाव्या वर्षी कव्हर शून्य होतं आणि त्या दिवशी कर्ज अजून सुमारे १७ लाख ४० हजार उरलेलं असतं.

हे काल्पनिक नाही. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो) ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला. वरच्याच कर्जाला अडीच टक्के पूर्ण लावले तर दर ९.५ होतो आणि पहिल्या महिन्याचं व्याजच २३,७५० रुपये, म्हणजे हप्त्यापेक्षा जास्त. अशा वेळी नुसती मुदत वाढवून भागत नाही, हप्ता वाढवावाच लागतो. पण वाढ थोडी असली की मुदत निमूट लांबते. विमा कंपनीला हे कुणी कळवत नाही आणि कळवलं तरी कव्हर आपोआप वाढत नाही.

ज्यांच्याकडे सीओआय आहे त्यांनी आजच दोन गोष्टी काढून ठेवा: कव्हर संपण्याची तारीख आणि तक्ता कोणत्या व्याजदरावर बनलाय तो दर.

मुळशीकर

उत्तम धागा. वाचनखूण साठवली. दोन शंका आहेत. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटला कर्ज टप्प्याटप्प्याने मिळतं, तेव्हा तक्ता कधीपासून मोजतात? आणि उरलेले हप्ते किती, हे बँकेकडून अधिकृतपणे कसं मिळवायचं? ॲपमध्ये दिसणारा आकडा दर वेळी वेगळा असतो.

आकडेमोड

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. रिझर्व्ह बँकेचं १८ ऑगस्ट २०२३ चं परिपत्रक आहे. हप्त्यांच्या फ्लोटिंग कर्जाचा दर रीसेट होताना, म्हणजे नव्याने ठरताना, कर्जदाराला पर्याय द्यायचा: हप्ता वाढवा, मुदत वाढवा, दोन्ही थोडं थोडं करा, किंवा बँकेच्या धोरणाप्रमाणे फिक्स्ड दरावर जा. शिवाय कर्ज पूर्ण किंवा अंशतः आधी फेडण्याची मुभा कधीही आहेच. त्याच परिपत्रकात दर तिमाहीला स्टेटमेंट उपलब्ध करून द्यायला सांगितलंय. त्यात आजवर वसूल झालेलं मुद्दल आणि व्याज, हप्त्याची रक्कम, उरलेले हप्ते आणि वार्षिक दर हे सगळं असायला हवं. 'उरलेले हप्ते' हा आकडा त्या स्टेटमेंटमधून घ्या. आज अमुक तारीख, उरलेले हप्ते इतके, म्हणजे कर्ज संपणार अमुक महिन्यात. शेजारी सीओआयवरची शेवटची तारीख लिहा. दोन ओळींचं काम आहे.

दर उतरले की उलटं होतं. २०२५ मध्ये रेपो खाली आला. ज्यांनी तेव्हा हप्ता तोच ठेवला त्यांची मुदत आखडली, काहींची कव्हरच्या तारखेच्या अलीकडेही आली असेल. त्यात नुकसान नाही. मृत्यूच्या दिवशी तक्त्यातलं कव्हर बाकीपेक्षा जास्त असेल तर बँकेला तिच्या बाकीइतकेच पैसे मिळतात आणि उरलेले नॉमिनीला. पार्ट पेमेंट केलेल्यांनाही, म्हणजे कर्जाचा काही भाग आधीच फेडलेल्यांनाही, हेच लागू, पण कव्हर तक्त्यावर बांधलेलं असेल तरच. सगळ्या पॉलिसी तशा नसतात. क्लेमचं काम जाणणाऱ्या कुणीतरी यावर लिहावं.

क्लेमखिडकी

लिहितो. आधी मुळशीकरांचा पहिला प्रश्न, कारण त्यात फार लोक अडकतात.

विम्याची मुदत 'रिस्क कमेन्समेंट डेट'पासून मोजतात. साधारणपणे विमा कंपनीने प्रीमियम स्वीकारून प्रस्ताव मान्य केल्याची ही तारीख असते. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटला पहिला टप्पा सुटतानाच प्रीमियम कापला जातो आणि त्या दिवसापासून २० वर्षं सुरू होतात. पूर्ण हप्ता मात्र ताबा मिळाल्यावर किंवा शेवटचा टप्पा सुटल्यावर सुरू होतो, तोवर प्री-ईएमआय म्हणजे नुसतं व्याज. बांधकामाला तीन वर्षं लागली तर कर्ज पहिल्या टप्प्यापासून २३ वर्षं चालतं आणि विमा २० वर्षांतच संपतो. त्याहून वाईट म्हणजे, त्या तीन वर्षांत मुद्दल एक रुपयानेही घटलेलं नसताना तक्ता मात्र घटत राहतो. त्यामुळे शेवटची तीन वर्षंच नाही, मधली सगळी वर्षं थोडी थोडी उघडी पडतात.

यावर उपाय सही करतानाच आहे. बऱ्याच योजनांत कव्हरच्या तक्त्याला सुरुवातीचा मोरेटोरियम लावता येतो. म्हणजे पहिली दोन-तीन वर्षं कव्हर सपाट राहतं आणि मग घटायला लागतं. फॉर्मवर तो रकाना असतो आणि भरणारा माणूस तो बहुधा रिकामा सोडतो. प्रीमियम थोडा वाढतो. तो रकाना आपल्यासमोर भरून घ्या आणि एकूण मुदतही तेवढी वाढवून घ्या.

आता आकडेमोड यांनी विचारलेलं. कव्हर दोन तऱ्हांचं दिसतं. एकात क्लेमची रक्कम तक्त्यातल्या त्या महिन्याच्या ओळीवरून ठरते, खरी बाकी कमी असो वा जास्त. दुसऱ्यात खरी बाकी देतात, पण तक्त्यातल्या रकमेच्या मर्यादेत आणि थकलेले हप्ते व दंडव्याज वगळून. दुसऱ्या तऱ्हेत पार्ट पेमेंट केलेल्या माणसाच्या घरच्यांना वरचे पैसे मिळत नाहीत. आणि तीन हप्ते थकलेले असतील तर ते तीन हप्ते आणि त्यावरचा दंड दोन्ही तऱ्हांत घरच्यांच्या गळ्यात पडतात. सीओआयवर 'डेथ बेनिफिट'च्या खाली एक वाक्य असतं. 'ॲज पर कव्हर शेड्यूल' असे शब्द असतील तर पहिली तऱ्हा. 'आउटस्टँडिंग लोन ॲज ऑन डेट ऑफ डेथ' असे असतील तर दुसरी.

प्रीमियम कापला गेला म्हणजे कव्हर सुरू झालं, असं समजू नका. वय किंवा रक्कम जास्त असेल तर वैद्यकीय तपासणी लागते, आणि ती होऊन होकार येईपर्यंत बहुधा कव्हर नसतं. प्रीमियम घेऊन ठेवायचा आणि निर्णय महिनोन्‌महिने कळवायचा नाही, हे चालणार नाही. नकार द्यायचा तर तो वाजवी वेळेत द्यायला हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये गृहकर्जाच्या अशाच एका ग्रुप विम्याच्या प्रकरणात म्हटलंय. पण कोर्टापर्यंत जाण्यापेक्षा कर्ज सुटल्यावर महिनाभरात सीओआय हातात आलं का, ते पाहा. आलं नसेल तर शाखेला आणि विमा कंपनीला एकाच ईमेलमध्ये लिहा. सीओआय नंबर मिळेपर्यंत पिच्छा सोडू नका.

काही योजनांत तपासणीविना दिलेल्या कव्हरला सुरुवातीचे काही दिवस नैसर्गिक मृत्यूसाठी प्रतीक्षा काळ असतो, अपघाताला नसतो. पहिल्या १२ महिन्यांत आत्महत्या झाल्यास क्लेम मिळत नाही, असं कलम बहुधा असतं.

सायली_का

सीओआयसोबत दुसरा एक कागद येतो, गंभीर आजार आणि अपघाताचा. तो वेगळ्या कंपनीचा असतो. त्यावर मुदत ५ वर्षं लिहिलेली असते. कर्ज २० वर्षांचं असताना हे असं का?

नोंदवही

कारण नियमच तसा आहे. आयुर्विमा कंपनी जीवनाचं कव्हर कर्जाच्या पूर्ण मुदतीइतकं देऊ शकते. आरोग्याचं तसं नाही. विमा नियामकाच्या २०१६ च्या आरोग्य विमा नियमावलीत ग्रुप आरोग्य पॉलिसीची मुदत एक वर्ष ठेवली होती आणि कर्जाशी जोडलेल्या पॉलिसीपुरता अपवाद केला होता: कर्जाच्या मुदतीइतकी, पण पाच वर्षांपेक्षा जास्त नाही. तुमच्या हातातल्या कागदावर ५ वर्षं छापलेली दिसतात ती यातून आली.

प्रत्यक्षात याचा अर्थ असा: ४० व्या वर्षी २० वर्षांचं कर्ज घेतलं तर गंभीर आजाराचं कव्हर ४५ ला संपतं. ज्या वयात ते लागण्याची शक्यता वाढते तिथेच ते नसतं. पाच वर्षांनी त्याचं आपोआप नूतनीकरण होत नाही, बँक आठवणीचं पत्र पाठवेल याची खात्री नाही, आणि नवं कव्हर घ्यायचं तर नव्या वयाचा प्रीमियम आणि नव्याने आरोग्याची माहिती. विकताना मात्र तोंडी 'संपूर्ण सुरक्षा' एवढंच सांगितलं जातं. हे मला फार खटकतं. आयुर्विमा आणि आजार-अपघात विमा या दोन्हींच्या तारखा एकाच पानावर, शेजारी शेजारी छापायला काय हरकत आहे?

नोकरी गेल्याचं कव्हर तर याहून आखूड. ते बहुधा याच पाच वर्षांच्या पॅकेजात असतं आणि देतं ते मोजके हप्ते, अनेक पॉलिसींत तीनच. राजीनामा, कराराची नोकरी, प्रोबेशन, कामगिरीवरून काढणं, हे सगळं बहुधा वगळलेलं असतं. त्याच्या भरवशावर काही आखू नका.

घराच्या इमारतीचा विमाही तपासा. भारत गृह रक्षा ही प्रमाणित पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सामान्य विमा कंपन्यांकडे आहे आणि ती जास्तीत जास्त १० वर्षांची मिळते. कर्जासोबत दहा वर्षांची घेतली असेल तर अकराव्या वर्षी घर विम्याविना असतं, आणि कर्जाच्या करारात बहुधा घराचा विमा चालू ठेवण्याची अट असते. म्हणजे एका कर्जावर तीन विमे आणि तिघांच्या तीन तारखा: ५, १० आणि २० वर्षं.

पतपेढीवाला_कोल्हापूर

पतसंस्था आणि सहकारी बँकांकडे आणखी एक प्रकार असतो, तोही नोंदवतो. एकरकमी प्रीमियमऐवजी दरवर्षी नूतनीकरण होणारी ग्रुप पॉलिसी. सभासदाच्या बचत खात्यातून वर्षाला रक्कम कापली जाते. इथे मुदत फक्त एक वर्ष. कापणीच्या दिवशी खात्यात शिल्लक नसेल तर नाव यादीतून गळतं आणि ते पासबुक छापून आणल्याशिवाय कळत नाही. शिवाय संस्थेने पुढच्या वर्षी विमा कंपनी बदलली तर अटी, वयाची मर्यादा, सगळं बदलतं. नूतनीकरणाची तारीख विचारून ठेवा आणि त्या आठवड्यात खात्यात पैसे ठेवा.

काही लोक पंतप्रधान जीवन ज्योती विमा योजनेलाच कर्जाचा विमा समजतात, कारण कापणी त्याच खात्यातून होते. ती वेगळी आहे. वर्षाला ४३६ रुपये, २ लाखांचं कव्हर, १ जून ते ३१ मे, वयाच्या ५५ पर्यंत. पैसे वारसाला मिळतात. कर्जाशी तिचा संबंध नाही.

बचत गट आणि मायक्रोफायनान्सच्या कर्जांत कव्हर कर्जाइतकंच, वर्ष-दोन वर्षांचं असतं. तिथे गोची होते ती मुदत उलटून गेल्यावर. हप्ते थकून २४ महिन्यांचं कर्ज ३० महिन्यांवर गेलं तर शेवटच्या सहा महिन्यांत मृत्यू झाल्यास विमा नाही. कर्ज चालू असतं, वसुली चालू असते, विमा मात्र छापलेल्या तारखेला संपलेला असतो. पती-पत्नी दोघांचं कव्हर असेल तर दोघांची नावं प्रमाणपत्रावर आहेत का, तेही वाचून घ्या.

मुळशीकर

कर्ज दुसऱ्या बँकेत नेलं तर? दर अर्धा टक्का कमी मिळतोय म्हणून बॅलन्स ट्रान्सफर करणारे पुष्कळ असतात.

क्लेमखिडकी

बॅलन्स ट्रान्सफरमध्ये विमा कर्जासोबत नव्या बँकेत जात नाही. जुन्या बँकेचं कर्ज बंद झालं की दोन वाटा उरतात. एक, सरेंडर करून, म्हणजे विमा मुदतीआधी बंद करून, उरलेल्या मुदतीचा परतावा घ्यायचा. दोन, योजनेत मुभा असेल तर कव्हर तसंच मूळ तारखेपर्यंत चालू ठेवायचं. दुसऱ्या वाटेत बँकेचा हक्क संपलेला असतो, त्यामुळे क्लेमचे सगळे पैसे नॉमिनीला. प्रीमियम तर भरूनच झालाय. म्हणून नवं कव्हर पक्कं होईपर्यंत, म्हणजे नव्या सीओआयवर तारीख येईपर्यंत, जुनं सरेंडर करू नका. नव्या अर्जात मधुमेह किंवा रक्तदाब निघाला आणि प्रस्ताव फेटाळला गेला तर हातात काहीतरी राहतं.

सरेंडरचे पैसे अपेक्षेपेक्षा कमी येतात. सूत्र साधारण असं असतं: प्रीमियम × ठरावीक टक्के × (उरलेली मुदत ÷ एकूण मुदत) × (आजचं कव्हर ÷ सुरुवातीचं कव्हर). टक्के प्रत्येक योजनेत वेगळे. ७० धरून मांडतो. प्रीमियम ९०,००० (कर सोडून), २० वर्षांपैकी ८ झाली, कव्हर ३० लाखांवरून २२ लाख ६२ हजारांवर आलेलं. ९०,००० × ०.७ × ०.६ × ०.७५४ = सुमारे २८,५००. बारा वर्षं शिल्लक आहेत म्हणून ५४,००० येतील असं वाटणाऱ्याला ही रक्कम धक्का देते. दोन अपूर्णांकांनी गुणल्यामुळे असं होतं, मुदतही घटलेली आणि कव्हरही घटलेलं. २८,५०० घ्यायचे की बारा वर्षांचं घटतं कव्हर ठेवायचं, हे तब्येत बघून ठरवा. तब्येत बिघडलेली असेल तर बहुतेक वेळा ठेवणं शहाणपणाचं.

हे पैसे बँक स्वतःहून देत नाही. फोरक्लोजरचं (कर्ज मुदतीआधी बंद केल्याचं) पत्र, एनओसी (बँकेचं ना हरकत पत्र), सीओआयची प्रत, रद्द केलेला चेक आणि सरेंडरचा अर्ज असं विमा कंपनीकडे द्यावं लागतं. एनओसी घ्यायला जाल तेव्हाच सरेंडर फॉर्म मागा. कर्ज बंद झालं की शाखेतल्या लोकांना त्या फाईलमध्ये रस उरत नाही.

आकडेमोड

यात प्रीमियम कर्जात मिळवण्याची बाजू जोडतो, कारण तीही मुदतीशीच निगडित आहे.

९०,००० प्रीमियम, त्यावर १८ टक्के जीएसटी १६,२००, मिळून १,०६,२००. (२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटी गेला, ग्रुप विम्यावर तो राहिला. कर्जासोबतचा हा विमा ग्रुपमधला आहे.) ही रक्कम कर्जात मिळवली तर ७ टक्क्यांनी २० वर्षांत तिच्यापोटी महिना ८२३ रुपये, एकूण सुमारे १ लाख ९७ हजार ६०० जातात. आणि कर्जाची मुदत वाढली की त्या प्रीमियमचीही मुदत वाढते. विमा विसाव्या वर्षी संपला तरी त्याच्या प्रीमियमवरचं व्याज एकविसाव्या वर्षी चालूच राहतं.

दुसरं, कर्ज आता ३१ लाख ६ हजार झालं. तक्त्याची पहिली ओळ बघा. तिथे ३०,००,००० असेल तर पहिल्याच दिवशी लाखभर उघडे आहेत. ३१,०६,२०० असेल तर ठीक.

१ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांना की फॅक्ट्स स्टेटमेंट, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटी आणि खर्चांचा कागद, द्यावं लागतं. बँकेने विमा कंपनीच्या वतीने घेतलेला प्रीमियमही त्यात वेगळा दाखवावा लागतो आणि वार्षिक एकूण दरात धरावा लागतो. सहीआधी त्या पानावर विम्याची ओळ शोधा. विमा घेतल्याशिवाय कर्ज नाही असं म्हणता येत नाही. विमा कंपनीची कॉर्पोरेट एजंट म्हणून काम करणाऱ्या बँकेला तशी सक्ती करायला मनाई आहे.

सायली_का

घेऊन झाला असेल आणि नंतर मुदत चुकलीय असं दिसलं तर परत करता येतो का?

नोंदवही

फ्री लूक आहे. कागद हातात पडल्यापासून ३० दिवस. २०२४ च्या नियमांनी तो सरसकट ३० केला, आधी साधारण १५ होता. कव्हरमध्ये गेलेल्या दिवसांचा प्रीमियम, तपासणीचा खर्च आणि मुद्रांक शुल्क कापून बाकी परत मिळते. प्रीमियम कर्जात मिळवलेला असेल तर परतावा बहुधा कर्ज खात्यातच जमा होतो. तेव्हाच लिहून मागा: 'परताव्याची रक्कम मुद्दलात वळती करून सुधारित परतफेडीचा तक्ता द्यावा.' नाही मागितलं तर ती रक्कम कुठे गेली हे शोधत बसावं लागतं.

कागद ईमेलने आला असेल तर दिवस ईमेलच्या तारखेपासून मोजतात. स्पॅम फोल्डर बघा.

विमा हवा आहे पण तारखा चुकल्यात, असं असेल तर फ्री लूकमध्ये परत करण्याआधी दुरुस्ती मागून पाहा. तीस दिवसांत दुरुस्ती पटकन होते, नंतर कुणी हात लावत नाही. मुदत, मोरेटोरियम, तक्त्याचा व्याजदर आणि नॉमिनी ही चार ठिकाणं. व्याजदर वरचा धरून मागा. ३० लाख, २० वर्षांचा तक्ता ७ ऐवजी १० टक्क्यांवर बनवला तर दहाव्या वर्षाअखेर कव्हर २० लाख ३ हजारांऐवजी सुमारे २१ लाख ९१ हजार राहतं. प्रीमियममध्ये थोडा फरक पडतो, पण दरवाढीला तेवढी जागा मिळते.

मुळशीकर

वयाचं काय? पन्नाशीच्या आसपास कर्ज घेणारेही आहेत.

नोंदवही

प्रत्येक योजनेत कव्हर संपण्याचं कमाल वय असतं. ते ६५ असेल आणि अर्जदार ४८ चा असेल तर कव्हर जास्तीत जास्त १७ वर्षं, कर्ज २० चं असलं तरी. सॉफ्टवेअर ते निमूट १७ करून टाकतं. तक्ता १७ वर्षांत शून्यावर आणून बसवला असेल तर कव्हर कर्जापेक्षा भराभर घटतं. तक्ता २० वर्षांचा ठेवून १७ व्या वर्षी तोडला असेल तर निदान तोवर पूर्ण कव्हर. दोन्ही प्रकार चालतात, म्हणून तक्त्याची शेवटची ओळ बघा. तिथे शून्याजवळचा आकडा आहे की काही लाख?

सहकर्जदार असतील तर टक्केवारीही बघा. ५०-५० लिहिलं असेल तर एकाच्या मृत्यूनंतर त्याच्या निम्म्या वाट्याचंच कव्हर मिळतं, उरलेलं कर्ज दुसऱ्याच्या एका पगारावर. दोघांनाही १०० टक्के घेता येतं, तिथे बहुधा पहिल्या क्लेमला पूर्ण रक्कम देऊन कव्हर संपतं.

पतपेढीवाला_कोल्हापूर

शैक्षणिक कर्जाचं राहिलं. अभ्यासक्रम अधिक एक वर्ष हप्ते नसतात. चार वर्षांचा अभ्यासक्रम, एक वर्ष सवलत, मग दहा वर्षं फेड, म्हणजे एकूण १५ वर्षं. विमा 'फेडीची मुदत १०' असं वाचून १० वर्षांचा काढलेला असतो. पहिली पाच वर्षं बाकी व्याजाने वाढत असते आणि कव्हर घटत असतं. इथेही मोरेटोरियमचा तोच रकाना.

कोविडच्या वेळी मार्च ते ऑगस्ट २०२० हप्ते थांबवलेल्यांनीही तारखा जुळवून घ्याव्यात. ते सहा महिने आणि त्यावरचं व्याज कर्जाच्या शेपटाला लागलं, विम्याला नाही.

सायली_का

उघडी पडलेली वर्षं भरायची कशी? दुसरं ग्रुप कव्हर घ्यायचं का?

आकडेमोड

माझं मत, साधा वैयक्तिक टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) घ्या. त्याची मुदत तुम्ही ठरवता, रक्कम घटत नाही, कर्ज कुठेही न्या तो तसाच राहतो, आणि आता त्यावर जीएसटी नाही. वरच्या उदाहरणात २९ वर्षांचं कर्ज आणि २० वर्षांचं कव्हर असेल तर ३० वर्षांचा, निदान २० लाखांचा टर्म विमा भगदाड भरतो. कर्ज वाढलंय हे ज्या महिन्यात कळलं त्याच महिन्यात घ्या. पाच वर्षांनी प्रीमियमही वाढलेला असतो आणि तपासणीत काय निघेल सांगता येत नाही.

बँक तो विमा आपल्याकडे असाइन करायला, म्हणजे त्याचा हक्क तिच्या नावे करायला, सांगू शकते. विमा कायद्याच्या कलम ३८ प्रमाणे ते करता येतं, पण कर्ज फिटल्यावर तो पुन्हा आपल्या नावावर करून घ्यायला विसरू नका. विवाहित पुरुषाने विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली पत्नी-मुलांच्या नावे काढला तर तो धनकोंच्या हाताबाहेर राहतो, पण मग तो बँकेला असाइन करता येत नाही. घर वाचवायचं की घरच्यांच्या हातात पैसा ठेवायचा, हे आधी ठरवा. दोन वेगळ्या पॉलिसी काढणारेही आहेत.

दुसरा उपाय विम्याचा नाहीच. दर वाढून रीसेट आला की हप्ता वाढवून मूळ तारीख धरून ठेवा. वरच्या कर्जात ८.५ टक्क्यांना २० वर्षंच ठेवायची तर हप्ता २६,०३५ होतो, महिना २,७७६ जास्त. नुसती तारीखच टिकते असं नाही, नऊ वर्षांचे हप्तेही वाचतात.

टॉप-अप, म्हणजे चालू कर्जावर वाढीव कर्ज घेतलं तर त्याचं कव्हर वेगळं. जुन्या सीओआयमध्ये ते येत नाही. आणि विमा कायद्याच्या कलम ४५ ची तीन वर्षं, ज्यानंतर माहिती दडवली या कारणाने आयुर्विमा कंपनीला प्रश्न उपस्थित करता येत नाही, ती नव्या कव्हरला नव्याने सुरू होतात.

क्लेमखिडकी

शेवटी क्लेमच्या दिवसाबद्दल, कारण तिथेही मुदती आहेत.

रक्कम मृत्यूच्या तारखेला ठरते. त्यानंतर कर्जावर व्याज चालूच राहतं आणि मृताचं बचत खातं गोठवल्यामुळे हप्त्याचा ऑटो डेबिट परत जातो. म्हणून मृत्यूचा दाखला मिळताच बँक आणि विमा कंपनी दोघांना एकाच दिवशी कळवा, पोच घ्या. मृत्यूच्या तारखेचं कर्ज खात्याचं स्टेटमेंट बँकेकडून मागा, क्लेममध्ये तेच लागतं. सोबत क्लेम फॉर्म, सीओआय, नॉमिनीचं केवायसी, रद्द केलेला चेक, रुग्णालयाचे कागद. अपघात असेल तर एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल. तपास लागत नसेल तर १५ दिवसांत आणि लागत असेल तर ४५ दिवसांत निकाल द्यायचा असतो.

'कव्हर संपलंय' म्हणून क्लेम नाकारला तर ते तसंच मान्य करू नका. तीन कागद मागा: सीओआयची मूळ प्रत, भरलेल्या फॉर्मची प्रत आणि प्रीमियम पाठवल्याची तारीख. फॉर्मवर २४० महिने आणि सीओआयवर १८० असं निघालं तर चूक त्यांची आहे आणि ती सिद्ध करता येते. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी, मग विमा नियामकाचं बीमा भरोसा पोर्टल किंवा १५५२५५ हा फोन नंबर. महिन्याभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. मुंबई आणि पुणे दोन्ही ठिकाणी कार्यालयं आहेत, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात, वकील लागत नाही, शुल्क नाही. कंपनीचा अंतिम नकार आल्यापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं.

नकाराचं पत्र ज्या पाकिटात आलं ते पाकीटही जपून ठेवा. त्यावरचा टपालाचा शिक्का ते एक वर्ष मोजायला उपयोगी पडतो.

मुळशीकर

सीओआय काढलं. तक्त्यात पहिल्या वर्षापासूनच कव्हर घटतंय, मोरेटोरियमचा रकाना रिकामा आहे. फ्री लूकचे ११ दिवस शिल्लक आहेत. उद्या शाखेत दुरुस्तीचा अर्ज देतोय आणि विमा कंपनीला त्याची प्रत ईमेलने.

क्लेमखिडकी

अर्जात सीओआय नंबर, कर्ज खाते क्रमांक, ताब्याची करारातली तारीख आणि 'मोरेटोरियम ३६ महिने, एकूण मुदत २७६ महिने' असे आकडे स्पष्ट लिहा. सुधारित सीओआय दहाव्या दिवसापर्यंत आलं नाही तर त्याच दिवशी फ्री लूकचं पत्र द्या. तोंडी आश्वासनावर अकरावा दिवस जाऊ देऊ नका.